कॅमेरा ऑटोवरून काढ

११ जानेवारी २०२५

फिजिओथेरपीच्या ताईंनी सांगितलं की यांचं रोजचं ब्लडप्रेशर, गोळ्या, हात किती उचलला, सगळं लिहून ठेवत जा. म्हणून ही डायरी. कृषी केंद्रातून फुकट आलेली, प्रत्येक पानाच्या तळाशी फवारणीच्या औषधाची जाहिरात.

ब्लडप्रेशर १४० – ९०. डावा हात खांद्यापर्यंत उठला. एवढं लिहून झालं तरी पान उरलंच. उरलेल्या पानावर माझंच काहीतरी लिहीन. वाचणार कोण आहे?

डिसेंबरात यांना लकवा झाला. धुळ्याला दवाखान्यात होतो. वाचा वाचली, पाय बराच सुटला, डावा हात तेवढा राहिला. तो येईल म्हणतात. आमचा फोटो स्टुडिओ अमळनेरला बस स्टँडच्या मागच्या गल्लीत आहे. लग्नापासून वाटणी ठरलेली, कॅमेरा यांचा आणि कॉम्प्युटर माझा. फोटो हे काढायचे. कापणं, उजळ करणं, अल्बम लावणं, प्रिंट देणं माझ्याकडे. आता हात बरा होईपर्यंत दोन्ही माझ्याकडे.

आज शटर उघडलं. तीन पासपोर्ट फोटो काढले. तिन्हींत चेहरे पिठात बुडवल्यासारखे आले. हे खुर्चीत बसून स्क्रीनकडे बघत म्हणाले, "कॅमेरा ऑटोवरून काढ."

मी म्हटलं, "ऑटोवर निदान काहीतरी येतंय."

"म्हणूनच काढ."

१४ जानेवारी

ब्लडप्रेशर लिहायचं राहिलं.

जेवताना म्हणाले, आज ठेचा नाही केला का. ठेचा ताटातच होता, मिठाच्या शेजारी, नेहमीच्या जागी. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितल्यापासून यांना माझ्या जेवणात रोज काही ना काही कमी दिसतं. मी वाटी उचलून समोर ठेवली. बघितलं आणि जेवायला लागले.

आजारी माणसाचा राग करू नये म्हणतात. करत नाही. पण येतो.

१९ जानेवारी

आज पहिला धडा. दुपारी गिऱ्हाईक नसतं. काळ्या पडद्यावर पांढरा पंचा टांगायला लावला आणि त्याचे फोटो काढायला सांगितले. नवरा-नवरी नाही, मूल नाही, पंचा.

यांनी समजावलं ते लिहून ठेवते, विसरेन म्हणून. प्रकाश म्हणजे नळाचं पाणी. ॲपर्चर म्हणजे तोटी किती फिरवली. शटर म्हणजे किती वेळ चालू ठेवली. बादली भरायची आहे. तोटी मोठी केली तर वेळ कमी, बारीक केली तर वेळ जास्त. आणि आयएसओ म्हणजे आपण नळाला चोरून मोटार लावतो ती. पाणी जोरात येतं, पण गाळही ओढून आणते. म्हणून मोटार शेवटी.

हे समजलं. हात मात्र ऐकत नाहीत. एक चाक फिरवलं की दुसरं काय होतं ते विसरते. ॲपर्चरचा आकडा मोठा म्हणजे तोटी लहान, हे उलटं कोणी ठरवलं कुणास ठाऊक.

पंचा राखाडी आला. "कॅमेऱ्याला वाटतं जग सगळं राखाडी आहे," हे म्हणाले. "पांढरं दिसलं की तो घाबरतो, प्रकाश कमी करतो. आत जो मीटरचा काटा दिसतो ना, तो मधोमध आला म्हणजे फोटो बरोबर असं नाही. पांढऱ्याला काटा अधिकच्या बाजूला सरकव."

"किती?"

"ते तू बघ."

"तुम्हीच बघून सांगा ना."

यांनी मान वळवली. म्हणाले, दमलो.

२ फेब्रुवारी

चंदन आला होता. लग्नांत हा व्हिडिओ काढतो आणि हे फोटो काढायचे, अशी दहा-बारा वर्षांची जोडी. माणूस मनाने चांगला आहे. येताना यांच्यासाठी पपई आणली.

मला म्हणाला, "वहिनी, कशाला डोकं खपवता? जळगावला नवीन कॅमेरा आलाय, तो डोळा ओळखतो. माणूस हलला तरी डोळ्याला धरून ठेवतो. तुम्ही फक्त बटण दाबायचं. दुकानदार ओळखीचा आहे, हप्त्याने देईल."

मला एकदम हलकं वाटलं. उन्हात चालताना कोणी गाडी थांबवावी तसं.

हे म्हणाले, "नको. आधी याच्यावर शिकू दे."

"भाऊ, हा कॅमेरा जुना झाला."

"जुना आहे म्हणूनच. हा काही लपवत नाही. चुकलं की चुकलेलं दाखवतो."

चंदन गेल्यावर मी भांडले. घर, स्वयंपाक, व्यायाम, दुकान, प्रिंट, आणि वर हा पंचा. दोन महिन्यांत तुमचा हात येणार, मग मी हे शिकून करायचं काय? तुमच्या कॅमेऱ्याला दुसऱ्याचा हात लागू नये असं वाटतं का? की मी चुकावं आणि तुम्ही बसून दाखवावं?

यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "उद्या तोंडावर ऊन घेऊन बघू."

९ फेब्रुवारी

काही नाही. कंबर दुखते.

१६ फेब्रुवारी

शेजारच्या नर्मदाबाईंच्या नातवाचं बारसं होतं. गल्लीतलंच काम, म्हणून मीच काढले, ऑटो न लावता. साठ-सत्तर फोटोंतले वीस बरे. बाकी काळे किंवा हललेले. एकात बाळ जांभई देतंय आणि खिडकीतला उजेड नेमका त्याच्या तोंडात पडलाय. तो चुकून आला असावा.

कॉम्प्युटरवर यांना दाखवले. उजवीकडची खुर्ची कापली गेली, उजवीकडच्या बाईचा हात अर्धा आला, हे सगळं बारकाईने सांगितलं. मग घरच्यांच्या फोटोवर थांबून म्हणाले, "आजीच नाही यात. नर्मदाबाईंना कसं विसरलीस?"

नर्मदाबाई डाव्या टोकाला ढळढळीत उभ्या होत्या, हिरव्या लुगड्यात. मी बोट ठेवून दाखवलं. यांनी मान पूर्ण वळवून बघितलं आणि म्हणाले, "हां. मी तुझं लक्ष आहे का बघत होतो."

अशा परीक्षा मला आवडत नाहीत. शाळेतही आवडत नव्हत्या.

२५ फेब्रुवारी

धुळ्याला दाखवायला गेलो. डॉक्टर हातावर खूश. आता पेला धरता येतो, गुंडी लावता येते. कॉरिडॉरमध्ये ट्रॉलीला यांचा खांदा धडकला. चालण्यात अजून तोल नाही.

मी खाली औषधं आणायला गेले. परत आले तर हे डॉक्टरांशी काही बोलत होते. मी दारात आल्यावर दोघंही थांबले. "काय म्हणाले?" विचारलं तर, "काही नाही, धीर धरा म्हणाले."

एसटीत मला आपल्या डाव्या हाताला, खिडकीशी बसवलं. पारोळ्याच्या पुढे ऊन उतरायला लागलं. मला म्हणाले, "बाहेर काय आहे ते सांग."

"काय असणार? कापसाच्या पऱ्हाट्या. उपटून ठेवलेल्या."

"ऊन कुठून येतंय? सावली किती लांब?"

मी सांगत गेले. सावल्या शेतभर लांब. एक बाई डोक्यावर पऱ्हाट्यांचा भारा घेऊन चाललीय, मागून ऊन, भाऱ्याच्या कडा पेटल्यासारख्या. "काय ठेवशील?" म्हणाले. मी म्हटलं शटर पाचशे, ॲपर्चर आठ. "बाई काळी येईल," म्हणाले. "येऊ दे," मी म्हटलं, "काळीच चांगली दिसेल."

हे हसले. लकव्यानंतर पहिल्यांदा बहुतेक. मग अमळनेर येईपर्यंत डोळे मिटून बसले.

१२ मार्च

देवचंद आबा पातोंड्याहून आले. यांच्या वडिलांचे मित्र. त्यांच्या घरातलं प्रत्येक लग्न यांनीच काढलंय. आता नातीचं, सपनाचं. माझ्याच नावाची म्हणून मला ती लहानपणापासून आवडते.

आबा यांच्याजवळ बसले. "आते कसं शे रे, संघपाल?"

"बरं आहे आबा."

"एप्रिलमा नातनं लगीन शे. मना पोरेसना बठ्ठा फोटो तुनाच हातना शेतस. हाई बी तूच काढ."

हे म्हणाले, "सपना काढेल. म्हणजे ही."

आबांनी माझ्याकडे बघितलं. "बाई काढी?"

"माझ्यापेक्षा नीट काढेल," हे म्हणाले. "मी येईन सोबत. बसेन."

मला कोणी विचारलंच नाही. आबा गेल्यावर मी म्हटलं, नाही जमणार. लग्न काही बारसं नाही, हार एकदाच घालतात. हे म्हणाले, "एकदाच घालतात म्हणून तर. मशीनवर सोडता येत नाही."

लेकीला, डिंपलला फोन केला. ती जळगावला नर्सिंग शिकते. तिला म्हटलं, तुझ्या पप्पांना सांग काहीतरी. ती म्हणाली, "आई, पप्पा मला रोज फोनवर तुझे फोटो पाठवतात. बारशातला तो जांभईचा मी डीपीला ठेवलाय." मला माहीत नव्हतं.

ब्लडप्रेशर यांचं १३० – ८५. माझं कोण बघणार?

२३ मार्च

माझ्या लग्नातली पांढरी साडी पेटीतून काढली. बौद्ध लग्न म्हणजे सगळं पांढरं, नवरी पांढरी, नवरा पांढरा, निम्मं वऱ्हाड पांढरं. त्यात दुपारचं लग्न, खानदेशातला एप्रिल. साडी नर्मदाबाईंच्या सुनेला नेसवून गच्चीवर उभं केलं. ती बिचारी उन्हात घामाघूम.

मधोमध काट्यावर साडी धुळकट. काटा दीड घर अधिकच्या बाजूला सरकवला तर साडी पांढरी, पण काठाची नक्षी उडाली. एक घर अधिक, तिला पत्र्याच्या सावलीत आणलं, तोंड उजेडाकडे. साडी पांढरी आली, काठ राहिले, आणि चेहरा तिचा जसा आहे तसा सावळा. कॉम्प्युटरवर मी तो उजळ करायला गेले, सवयीने, आणि हात थांबला. करायचं काही नव्हतंच.

यांना बोलावलं. खुर्ची जरा फिरवून, तिरके बसून खूप वेळ बघत राहिले. म्हणाले, "आता मला विचारत जाऊ नकोस."

हे काय बोलणं झालं? शाबासकी द्यायची तर सरळ द्यावी.

६ एप्रिल

यांच्या हाताचा व्यायाम आता बंद केला तरी चालेल, फिजिओथेरपीच्या ताई म्हणाल्या. बोटं चालतात, लेन्सही फिरवता येते. मी म्हटलं, मग पातोंड्याचं लग्न तुम्हीच काढा, मी फ्लॅश धरते. नको म्हणाले. मोटारसायकलची किल्लीही चंदनला देऊन टाकलीय, वापर म्हणून. बरे झालेले असूनही बरं व्हायचं नाही असं काही माणसांचं होतं का? मी सगळं ओढते याची सवय झाली असेल.

हे लिहिलं ते वाईट आहे. पण खोडत नाही.

२० एप्रिल

काल लग्न झालं. काल लिहायला हात उठला नाही.

मंडप शाळेच्या मैदानात. कापड गुलाबी. वरून ऊन आणि खाली सगळं गुलाबी, पांढऱ्या साड्यासुद्धा. ऑटोवर कॅमेरा वेडाच झाला असता. मी रंगाचं सेटिंग पांढऱ्या रुमालावर धरून घेतलं, ते यांनीच शिकवलेलं होतं. बुद्ध-बाबासाहेबांच्या प्रतिमांपुढे मेणबत्त्या लागल्या, वंदना सुरू झाली, आणि मी आकड्यांचा विचार करायची थांबले. का ते माहीत नाही. चाकं आपोआप फिरत होती. बादली किती भरली ते कळत होतं.

हार घालताना नवरीने एकदा डोळे वर करून आईकडे बघितलं. ते मला मिळालं. फ्लॅश न मारता मिळालं.

हे पुढच्या खुर्चीत होते. वंदना झाल्यावर आबांनी यांच्या खांद्यावर हात ठेवला. "एक तरी तुना हातना काढ, भाऊ. मना जीव ऱ्हाई नही." हे नको नको म्हणत होते. मीच कॅमेरा त्यांच्या हातात दिला. मला वाटलं, एवढं केलं तर भीड मोडेल. डाव्या हाताने लेन्स नीट धरली. घरच्या मंडळींना उभं केलं, सहा-सात फोटो काढले, आणि कॅमेरा लगेच परत दिला. कपाळावरून घाम गळत होता. मी म्हटलं, बघा, जमलं की नाही. खुर्चीत जाऊन बसले.

आज दुपारी फोटो कॉम्प्युटरवर घेतले. माझे बघत गेले, मग यांचे आले.

प्रत्येक फोटोत सगळं घर उजव्या अर्ध्यात दाटीने उभं आहे, आबा, नवरा-नवरी, आत्या, मावश्या, कडेला चिकटलेले. डावा अर्धा रिकामा. रिकाम्या खुर्च्या, पाण्याचं पिंप, मंडपाचा बांबू. एकात नाही, सगळ्यांत. पंचवीस वर्षं ज्यांनी या तालुक्यातली लग्नं काढली, त्यांचे हे फोटो.

आधी वाटलं, हात हलला. हात हलला तर फोटो हलतो, असा सरकत नाही. मग ताटातला ठेचा आठवला, डाव्या टोकाच्या नर्मदाबाई आठवल्या, आणि मी माऊस सोडला.

हे आतल्या खोलीत रेडिओ ऐकत होते. मी जाऊन त्यांच्या डाव्या बाजूला उभी राहिले, अगदी जवळ, काही न बोलता. बराच वेळ. त्यांनी बघितलं नाही. मग मी म्हटलं, "अहो." आणि ते दचकले.

"कधीपासून?" मी विचारलं.

रेडिओ बंद केला. "दवाखान्यातच कळलं. दुसऱ्या दिवशी. तू माझ्या या बाजूला बसलेली, आवाज येत होता आणि तू नव्हतीस. डोळ्यांना काही झालेलं नाही. डोक्यात आत ती बाजू गेलीय. दोन्ही डोळ्यांनी डावीकडचं दिसत नाही."

"डॉक्टरांना माहीत आहे?"

"फेब्रुवारीत विचारलं. म्हणाले, यायचं ते सुरुवातीच्या महिन्यांत येतं. थांबून बघू. थांबलो."

"आणि मला?"

"तुला सांगितलं असतं तर तू शिकली नसतीस. रडत बसली असतीस, किंवा नवा कॅमेरा आणून मला सांगितलं असतंस की तुम्ही नुसतं बटण दाबा." रेडिओ बाजूला ठेवला. "आणि तू माझ्या नजरेवर चालली असतीस. हे बरोबर आहे का, ते बरोबर आहे का. माझी नजर अर्धी आहे, सपना. तुझी पूर्ण पाहिजे होती."

मी रडले नाही. राग इतका होता की रडायला जागा नव्हती. म्हटलं, "मी चार महिने तुमची जागा धरून बसले होते. तुम्ही परत याल म्हणून. आणि तुम्ही बसून ती जागा माझ्या नावावर करत होतात."

"हो," म्हणाले.

भाकऱ्या केल्या. जेवलो.

२३ एप्रिल

तीन दिवस गरजेपुरतं बोलणं. नर्मदाबाई विचारत होत्या, भांडण झालं का. नाही म्हटलं. याला काय म्हणतात ते मला माहीत नाही.

डिंपल आली. तिला सगळं सांगितलं. ती पप्पांसमोर बसून बोट उजवीकडून डावीकडे नेत राहिली. मध्याच्या पुढे गेलं की यांना ते दिसेना. तिने तोंड फिरवलं.

२ मे

धुळ्याला गेलो, या वेळी डोळ्यांच्या तपासणीला. मशीनमध्ये डोकं घालून ठिपके दिसले की बटण दाबायचं. कागदावर निम्मं वर्तुळ काळं आलं. डॉक्टर तरुण होत्या, सावकाश बोलत होत्या. आता फारसा फरक पडणार नाही. पण मान आणि डोळे डावीकडे मुद्दाम वळवायची सवय लावता येते, त्याचे व्यायाम आहेत. गाडी चालवायची नाही. रस्ता ओलांडताना सोबत हवी.

"फोटोग्राफी?" यांनी विचारलं. त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता.

"छंद म्हणून करा," त्या म्हणाल्या.

बाहेर बाकावर बसलो. मी त्यांच्या उजवीकडे बसले. मग उठून डावीकडे गेले, ती बाजू उघडी नको म्हणून. मग कळेना नेमकं कुठे बसावं. शेवटी समोर उभी राहिले आणि म्हटलं, चहा घेऊ.

१८ मे

देवचंद आबा अल्बम न्यायला आले. एकेक पान ओला रुमाल उलगडावा तसं हळूहळू उलटत होते. हार घालतानाच्या पानावर थांबले. नवरी वर बघतेय, आई कडेला, ओठ दाबलेले. आबांनी चष्मा काढला, पुसला. मला म्हणाले, "चांगलं काढं, माय." यांचे फोटो मी घातले नव्हते. त्यांनी विचारलंही नाही.

चंदन तिथेच होता. म्हणाला, वहिनी, आता तरी चला जळगावला. हे माझ्याकडे बघत होते, मान वळवून, शिकवल्याप्रमाणे. या वेळी नको म्हणाले नाहीत, हो म्हणाले नाहीत.

मी म्हटलं, "घ्यायचाय. पण हा सीझन याच्यावरच काढते. अंधाऱ्या हॉलमध्ये हा कमी पडतो, ते मला आता कळतंय. दिवाळीनंतर बघू. मीच येईन बघायला, हातात धरून."

"दुकानदार सगळं समजावतो," चंदन म्हणाला.

"समजावू दे. मलाही काही विचारायचंय त्याला."

११ जून

थकवा गेलेला नाही. तो असाच राहणार बहुतेक. पण आता तो दिवसाच्या शेवटी येतो, सकाळी उठताना नाही.

यांचा दिव्यांग प्रमाणपत्राचा अर्ज भरायचाय. त्याला फोटो लागतो. घरात शोधला तर यांचा एकही धड फोटो नाही. डिंपलच्या वाढदिवसाला नाही, सहलीला नाही. सगळीकडे हे काढणारे. एक जुना होता तो तरुणपणीचा, मिशा नसलेला, चालणार नाही.

दुपारी दुकानात कोणी नव्हतं. पांढरा पडदा सोडला. स्टुलावर बसा म्हटलं. ज्या स्टुलावर यांनी अर्ध्या तालुक्याला बसवलं, त्यावर हे पहिल्यांदा बसले आणि हात कुठे ठेवावेत ते कळेना. मी मांडीवर ठेवायला सांगितलं. कॉलर नीट केली. हनुवटी खाली, थोडी अजून.

"काय ठेवलंस?" विचारलं.

"शांत बसा. बोललात की तोंड वाकडं येतं."

"पडदा पांढरा आहे, काटा..."

"अहो."

यांनी समोर लेन्सकडे बघितलं. मी कॅमेरा डोळ्याला लावला. मला ते पूर्ण दिसत होते, दोन्ही बाजूंनी, कान, खांदे, लकवा झालेला आणि न झालेला भाग. घाई केली नाही. शटर दाबलं.

"बघू," म्हणाले.

"नंतर," मी म्हटलं, आणि दुसरा काढला नाही.